इंग्रजी व्याकरण, शब्दांची कुळं आणि पटवणारी भाषा: मराठी पोरांना कशी शिकवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातल्या एका सेमी इंग्रजी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिका विचारतात: मुलांना काळ, व्हॉइस, आर्टिकल असे सगळे नियम पाठ आहेत, 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये, म्हणजे सूचनेप्रमाणे वाक्य बदलायच्या प्रश्नात, गुणही पडतात. पण स्वतःची चार वाक्यं लिहा म्हटलं की पेन थांबतं. शब्द पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. भाषण किंवा व्ह्यू-काउंटरव्ह्यू (दिलेल्या मताच्या विरुद्ध मत मांडायचा प्रश्न) आलं की सगळ्या वर्गाचं उत्तर गाइडमधलं, एकच. व्याकरण, शब्दांची व्युत्पत्ती आणि पटवून देणारं लेखन या तिन्हींना वेळ कसा वाटून द्यावा? आणि शब्दकोश कुठला घ्यावा?

मॅडम, वेळ वाटून देऊ नका. सोमवारी व्याकरण, बुधवारी शब्द, शुक्रवारी निबंध अशी आखणी वेळापत्रकात छान दिसते. पण पोरं मग त्या त्या दिवसाचं तेवढं डोक्यात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. एकच वाक्य घ्यायचं आणि त्याची बांधणी, त्यातल्या शब्दांचं कूळ आणि ते वाक्य ऐकणाऱ्यावर काय करतं, हे तिन्ही त्याच वाक्यात दाखवायचं. दुसरं म्हणजे मुलांचं मराठी वर्गाच्या दाराबाहेर ठेवू नका. कोल्हापुरात इतकी वर्षं हाच विषय शिकवल्यावर मी एवढं ठामपणे सांगेन की आपली मुलं इंग्रजीत चुकतात तेव्हा बहुतेक वेळा ती मराठीत बरोबर असतात. ती चूक कुठल्या मराठी वाक्यातून आली हे तुम्हाला ओळखता आलं की अर्धं काम झालं.

सगळ्यात मोठी खोट 'होतो'ची आहे, तिथूनच सुरुवात करा. सोमवारी वर्गात विचारा, काल काय केलंस? उत्तर येईल, 'आय हॅड गॉन टू ज्योतिबा.' पोरगं मनात म्हणतंय, 'मी काल ज्योतिबाला गेलो होतो', आणि मराठीत ते शंभर टक्के बरोबर आहे. मराठीतलं 'गेलो होतो' एकटं उभं राहू शकतं. जाऊन आलो, झालं ते, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीतल्या 'हॅड गॉन'ला मात्र सोबत लागते. भूतकाळातली दुसरी एखादी गोष्ट असावी लागते आणि तिच्या आधी ही घडलेली असावी लागते. 'मी स्टँडवर पोचलो तेव्हा गारगोटीची बस गेली होती.' इथे मराठी आणि इंग्रजी एका जागी येतात, कारण इथे दोन गोष्टी आहेत. म्हणून पाच-सहा मराठी वाक्यं फळ्यावर लिहा, सगळी 'होतो-होती-होते'ने संपणारी, आणि फक्त एवढंच विचारा की कुठल्या वाक्यात दोन घटना आहेत. इंग्रजी करायचंच नाही अजून. हे जमलं की पास्ट परफेक्टचा नियम सांगावा लागत नाही, पोरंच सांगतात.

दुसरी जागा 'मला'ची. मला भूक लागली, मला दोन बहिणी आहेत, मला पोहता येतं, मला हे आवडतं, मला ताप आलाय. मराठीत या गोष्टी माणसाकडे येतात, त्याला लागतात, त्याला होतात. इंग्रजी तिथे 'आय'ला खुर्चीवर बसवते. आय ॲम हंग्री, आय हॅव टू सिस्टर्स, आय कॅन स्विम. आपली मुलं 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' म्हणतात ते यातूनच: 'मला आहेत'मधला 'आहेत' सोडवत नाही, म्हणून 'ॲम' येतो. यावर माझा एक ठरलेला खेळ आहे. मराठी वाक्याचं शब्दाला शब्द इंग्रजी करून फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायचं: 'टू मी टू सिस्टर्स आर.' वर्ग हसतो. मग उजवीकडे खरं इंग्रजी. हसू आलं की फरक लक्षात राहतो, आणि पुढे वहीत तसली चूक दिसली की लाल शाईने फक्त 'डावी बाजू' एवढंच लिहायचं.

इथेच थोडा इतिहास सांगता येतो. जुन्या इंग्रजीतही अशी वाक्यं होती. 'मीथिंक्स' हा जुन्या नाटकांत सापडणारा शब्द म्हणजे चक्क 'मला वाटतं'. त्यातला 'मी' हा 'मला' आहे. 'इफ यू प्लीज' हे मुळात 'तुम्हाला रुचत असेल तर' असं होतं. 'लाइक' हे क्रियापदसुद्धा पूर्वी 'आवडणे'सारखंच चालायचं, म्हणजे वस्तू माणसाला आवडायची. मग इंग्रजीने विभक्तिप्रत्यय टाकून दिले, वाक्यात कोण कुठे उभा आहे यावरून अर्थ लावायला सुरुवात केली, आणि पहिल्या जागेवर माणूस आला. 'रामने रावणाला मारलं' आणि 'रावणाला रामने मारलं' हे आपल्याकडे एकच आहे, कारण 'ने' आणि 'ला' पाटी धरून उभे आहेत. इंग्रजीत जागा बदलली की मारणारा बदलतो. शब्दांचा क्रम एवढा का पाळायचा, याचं इतकं सरळ उत्तर दुसरं नाही.

'यू आर'चंही तसंच. एका माणसाला 'यू इज' का नाही, असा प्रश्न पाचवीतलं पोरगं विचारतं आणि आपण 'नियम आहे' म्हणून गप्प करतो. 'यू' हे मुळात अनेकवचन होतं, आपलं 'तुम्ही'. एकाला बोलायचं तर 'दाऊ', म्हणजे 'तू'. मोठ्या माणसाला मान द्यायचा म्हणून एकट्यालाही 'यू' म्हणायला लागले, आणि हळूहळू 'दाऊ' बोलण्यातून गेलं. आपण सरांना 'तुम्ही आहात' म्हणतो, 'तुम्ही आहे' म्हणत नाही ना? तेच ते. एका मिनिटात संपतं.

प्रत्यय आणि प्रेपोझिशन हा मात्र लांबचा रस्ता आहे. 'ने' एकटाच बघा. बसने गेलो म्हणजे 'बाय बस', सुरीने कापलं म्हणजे 'विथ अ नाइफ', तापाने गेला म्हणजे 'डाइड ऑफ फीव्हर', आणि रामने सांगितलं यात तर काहीच नाही, नुसता राम. 'ला' तितकाच लबाड. कोल्हापूरला गेलो यात 'टू' हवा, कोल्हापूरला पोचलो यात 'रीच'ला 'टू' चालत नाही, त्याला विचारलं यात 'आस्क'ला 'टू' नको. मुलं 'आय आस्क्ड टू हिम' लिहितात कारण 'त्याला'मधला 'ला' त्यांना डोळ्यांनी दिसतोय. प्रेपोझिशनची यादी पाठ करून घेण्यापेक्षा एकेका मराठी प्रत्ययाला वर्षभरात एकेक पान द्या आणि त्या पानावर वाक्यं साठत जाऊ द्या.

आर्टिकलवर फार वेळ घालवू नका, असं माझं मत आहे. मराठीत ती नाहीतच, त्यामुळे कानाला सवय नाही. ती वाचनातून हळूहळू येतात. 'अ' की 'ॲन' हे उच्चारावर ठरतं एवढं पक्कं करा आणि पुढे चला.

आता व्हॉइस. तुमच्या प्रश्नाचे तिन्ही धागे इथे एकत्र येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मराठीच्या तासाला पोरं कर्तरी, कर्मणी, भावे असे प्रयोग शिकलेली असतात. 'मीनाने भाकरी खाल्ली' हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माच्या मागून चालतं: भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, पेढे खाल्ले. मग इंग्रजीच्या तासाला आपण 'पॅसिव्ह म्हणजे कर्मणी' असं सांगून मोकळे होतो. घोळ इथेच आहे. 'मीनाने भाकरी खाल्ली' हे इंग्रजीत सरळ ॲक्टिव्ह आहे, 'मीना एट द भाकरी'. पण पोरगं 'मीनाने' बघतं, त्याला 'बाय मीना' ऐकू येतं, आणि भूतकाळातलं प्रत्येक सकर्मक वाक्य त्याला पॅसिव्ह वाटायला लागतं. दोन्ही तासांची नावं सारखी ठेवून आपणच त्याला खड्ड्यात घातलेलं असतं.

इंग्रजी पॅसिव्हचा खरा मराठी भाऊ वर्गाबाहेर भिंतीवर लावलेला असतो. 'उद्या पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.' 'विनापरवाना फलक लावल्यास कारवाई करण्यात येईल.' हे 'ण्यात येईल' पोरांना वाचायला लावा आणि विचारा, करणारा कुठे गेला? पाणी कोण बंद ठेवणार आहे? वाक्यात त्याचं नावच नाही. पॅसिव्हचं काम हेच: करणाऱ्याला खुर्चीवरून उठवणं. कधी तो माहीतच नसतो, जसं 'माझी सायकल चोरीला गेली'. कधी त्याची गरज नसते, जसं शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ मध्ये झाली, 'वॉज एस्टॅब्लिश्ड इन १९६२', कुणी केली हा तिथे मुद्दा नाही. आणि कधी त्याला लपवायचं असतं: 'मिस्टेक्स वेअर मेड', चुका झाल्या. कुणाच्या, ते विचारू नका. 'बाय' लावून वाक्य उलटं करण्याचा सराव परीक्षेसाठी करून घ्याच. पण प्रत्येक उलट्या वाक्यासमोर पोरांनी एक शब्द लिहावा: माहीत नाही, गरज नाही, की लपवलाय. हा तिसरा शब्द लिहिता आला की पटवणारी भाषा शिकवायला तुम्ही सुरुवात केलेली आहे, वेगळा तास लागला नाही.

शब्दांकडे येतो. मराठी व्याकरणात आपण तत्सम आणि तद्भव शिकवतो: हस्त आणि हात, कर्ण आणि कान, दंत आणि दात, कर्म आणि काम. कान दुखतो, पण 'कर्णबधिर विद्यालय' असतं. दात पडतो, पण डॉक्टर 'दंतवैद्य'. मुलांना हे ठाऊक आहे, फक्त इंग्रजीतही असंच आहे हे कुणी सांगितलेलं नाही. टूथ पण डेंटिस्ट, फूट पण पेडल, फादर पण पॅटर्नल, किंग पण रॉयल. इंग्रजीचे घरचे शब्द जर्मन कुळातले. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबार आणि न्यायालयं फ्रेंच बोलायला लागली, आणि फ्रेंचमधून व पुढे थेट लॅटिनमधून दुसरा थर चढला.

कोल्हापुरात हे शिकवायला सगळ्यात सोपा शब्द म्हणजे मटण. तांबडा-पांढरा रस्सा ज्याच्यावाचून होत नाही ते मटण फ्रेंच आहे, मूळ शब्द मेंढीचा. ढोबळमानाने सांगायचं तर गोठ्यात राबणारा माणूस जनावराला घरच्या नावाने हाक मारायचा, शीप, काऊ, पिग, आणि ताटावर बसलेला साहेब त्यालाच मटन, बीफ, पोर्क म्हणायचा. आपण तर पुढे जाऊन बोकडालाच मटण केलं. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचं पोरगंही मान वर करतं, हा अनुभव आहे.

आमच्याकडची दुसरी खाण म्हणजे गूळ आणि साखर. संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली, तिथून लॅटिन आणि फ्रेंच करत इंग्रजीत शुगर म्हणून पोचली. तीच शर्करा दक्षिणेकडच्या भाषांतून पोर्तुगीजांच्या तोंडी लागली आणि जॅगरी झाली. म्हणजे शुगर आणि जॅगरी या सख्ख्या बहिणी, एक पश्चिम आशियाच्या वाटेने गेली, एक समुद्राच्या. खंड म्हणजे खडीसाखरेचा तुकडा, त्याच वाटेने कँडी. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ आहे त्या मुलांना हे शब्द पुन्हा पाठ करावे लागत नाहीत. मुंगूस तर थेट मराठीतून इंग्रजीत गेलंय, मंगूस म्हणून. त्यातून व्याकरणाचा एक प्रश्नही सुटतो: गूसचं अनेकवचन गीस, पण मंगूसचं मंगूसेस, कारण त्या शब्दाचा बदकाच्या जातीशी काही संबंध नाही, तो आपल्या बांधावरचा आहे.

याच्या पुढची पायरी नववी-दहावीला जरूर चढा. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने भाषणात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात. १८२२ मध्ये याकोब ग्रिमने, तोच परीकथा गोळा करणाऱ्या भावांपैकी थोरला, त्यातले ध्वनी कसे नेमाने बदलतात ते दाखवलं. प चा फ: पितृ-फादर, पद-फूट. द चा ट: द्वि-टू, दश-टेन, दंत-टूथ. आणि मला सगळ्यात आवडतो तो तिसरा गट, जिथे आपल्याकडे ज आहे तिथे इंग्रजीत क: जानु-नी, ज्ञा-नो, जन-किन. 'नी' (गुडघा) आणि 'नो' (जाणणे) या इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीला न बोलला जाणारा 'के' का लिहायचा, हा पोरांचा जुना राग आहे. तो 'के' पूर्वी बोलला जायचा. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंगं हळूहळू छापात घट्ट झाली, आणि जिभेवरचा 'क' पुढे गळून पडला. 'नो'मधला मुका 'के' म्हणजे 'ज्ञान'मधल्या 'ज्ञ'चा चुलतभाऊ आहे, हे कळलेलं मूल तो लिहायला विसरत नाही. सगळीच स्पेलिंगं अशी सरळ नाहीत हेही सांगा. 'डेट', म्हणजे कर्ज, यातला 'बी' कधीच बोलला जात नव्हता. लॅटिन शब्दात तो आहे म्हणून पंडितांनी मागाहून खुपसला.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक कूळ राखून ठेवा. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलाच्या मानेवरून उतरतं ते जू. संस्कृत युग, इंग्रजी योक, तेच. त्याच धातूचा योग, आणि लॅटिनमार्गे जॉइन, जंक्शन आणि कंजंक्शन. 'अँड' आणि 'बट' यांना कंजंक्शन का म्हणायचं? दोन वाक्यं एका जुवाला जुंपतात म्हणून. व्याकरणाची संज्ञा इतकी हातात येते की मग मुलं 'बट'ने जुंपलेली दोन वाक्यं खरंच एकमेकांविरुद्ध ओढतायत का, ते तपासायला लागतात.

एक सावधगिरी. पालकांच्या मोबाइलवर रोज येतं की अमुक इंग्रजी शब्द संस्कृतातून चोरला, न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, वगैरे. न्यूज हे 'न्यू'चं, म्हणजे नव्या गोष्टींचं, अनेकवचन आहे, दिशांचा त्यात काही हात नाही. पितृ आणि फादर ही बहीण-भावंडं आहेत, आई-लेकरं नव्हेत. आणि नुसता आवाज जुळला म्हणून नातं लागत नाही. गूळ आणि ग्लुकोज किती जुळतात! पण गूळ हा गुड, आणि ग्लुकोज ग्रीकमधल्या गोड या अर्थाच्या शब्दापासून. नातं नाही. वर्गात असे दावे आले की हाकलू नका, 'अजून असे दोन शब्द आण जिथे हाच ध्वनी असाच बदललाय' असं सांगा. पुरावा मागायची सवय लागते, आणि तीच पुढे व्ह्यू-काउंटरव्ह्यूला कामी येते.

आता त्या पटवणाऱ्या लेखनाकडे. गाइडमधलं उत्तर सगळ्यांचं एकच येतं कारण मुलांना वाटतं, भाषण म्हणजे 'रिस्पेक्टेड टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स' आणि मग मोठे मोठे शब्द. त्यांना पटवणारी भाषा रोज ऐकू येते, कोल्हापूर तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत जिल्हाभर 'आमचं ठरलंय' हे दोन शब्द गाजले. आता हे वाक्य इंग्रजी व्याकरणाच्या टेबलावर ठेवा. 'ठरलंय': ठरवणारा वाक्यात नाही, कृती पूर्ण झालेली आहे, परिणाम आत्ता हजर आहे. म्हणजे प्रेझेंट परफेक्ट आणि गायब कर्ता, दोन्ही एका शब्दात. काय ठरलंय? तेही नाही. ऐकणाऱ्यानेच ते भरायचं. इंग्रजी करायला लावा. 'वी हॅव डिसायडेड' म्हटलं की कर्ता परत येतो, 'इट्स डिसायडेड' म्हटलं की आपलेपणा जातो. दोन्ही अपुरं पडतं, आणि का अपुरं पडतं यावर मुलं तावातावाने बोलतात. हाच व्याकरणाचा तास.

शिवाय तिथे 'आमचं' आहे, 'आपलं' नाही. मराठीत आम्ही म्हणजे ऐकणारा बाहेर, आपण म्हणजे ऐकणारा आत. इंग्रजीत दोन्हींना एकच 'वी'. इंग्रजी भाषणं आणि जाहिराती या एका शब्दावर किती जगतात ते बघायचं असेल तर एखादं छोटं भाषण द्या आणि प्रत्येक 'वी'वर पेन्सिलीने 'आम्ही' किंवा 'आपण' लिहायला सांगा. काही ठिकाणी मुलं अडतील. वक्त्याने मुद्दाम दोन्हीकडे पाय ठेवलेले असतात ते तिथेच. मराठी येतं म्हणून आपल्या मुलांना हे दिसतं. ज्याला फक्त इंग्रजी येतं त्याला हे दाखवून द्यायला मेहनत पडेल.

दहावीसाठी माझं आवडतं वाक्य डॉ. आंबेडकरांचं आहे, संविधान सभेतलं, २५ नोव्हेंबर १९४९ चं: 'इन पॉलिटिक्स वी विल हॅव इक्वॅलिटी अँड इन सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ वी विल हॅव इनइक्वॅलिटी.' आपल्याच जिल्ह्यात, माणगावला, १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्या तरुणाची नेता म्हणून ओळख करून दिली त्याचं हे वाक्य आहे, एवढंही सांगा. मग बांधणी बघा. दोन्ही अर्ध्यांचा साचा एकच, 'वी विल हॅव' जसंच्या तसं, मधे 'बट' नाही, साधं 'अँड'. फरक फक्त शेवटच्या शब्दाच्या सुरुवातीला लागलेल्या 'इन' या लॅटिन उपसर्गाचा, आपल्या 'समता'ला 'वि' लागून 'विषमता' व्हावी तसा. आता मुलांना हेच 'ऑल्दो'ने सुरू होणारं एक लांब वाक्य करायला सांगा. अर्थ तोच राहील, जोर जाईल. 'जोर कुठे गेला' हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगावं, इंग्रजीत नाही जमलं तर मराठीत. आणि हे 'वी' आम्ही की आपण? वर्गाचं एकमत होतं, आपण.

तुम्ही कागलच्या आहात म्हणून चपलेचं उदाहरण सोडू नका, कापशी चपलेचं गाव तुमच्याच तालुक्यात आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला त्यांचं वर्णन नुसतं 'लेदर सँडल्स' असं केलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. गदारोळ झाल्यावर कंपनीने त्या चपला पारंपरिक भारतीय हस्तकलेच्या पादत्राणांवरून प्रेरित, 'इन्स्पायर्ड', असल्याचं मान्य केलं. वर्गात तीन प्रश्न विचारा. 'लेदर सँडल्स' यात खोटं काही आहे का? नाही, पण काय गाळलंय? 'इन्स्पायर्ड बाय' या पॅसिव्हमध्ये चपला प्रेरित झाल्या म्हणे. चपलेला प्रेरणा होते का, की ती काढणाऱ्या माणसाला? आणि 'इन्स्पायर' म्हणजे मुळात लॅटिनमध्ये आत श्वास फुंकणं, त्याचीच भावंडं रेस्पिरेशन आणि एक्स्पायर. 'कॉपी' किंवा 'टेक' या आखूड शब्दांऐवजी हा भरजरी शब्द का निवडला असेल? मग दोन गट करा. एकाने कंपनीच्या बाजूने पत्र लिहायचं, एकाने चप्पल शिवणाऱ्याच्या बाजूने. कंपनीच्या बाजूने लिहिणं जास्त अवघड जातं आणि म्हणून जास्त शिकवून जातं, तो गट हुशार मुलांना द्या. गाइडमध्ये हे पत्र नाही, त्यामुळे उतरवायला काही नसतं.

जाहिराती फक्त चवीपुरत्या घ्या. महाद्वार रोडवरच्या दुकानाचा '५०% पर्यंत सूट'मधला 'पर्यंत', क्लासच्या फलकावरचा '१०० टक्के निकाल' (किती जणांपैकी?), साबणाच्या पाकिटावरचा 'हेल्प्स'. 'अप टू', 'मे', 'कॅन', 'हेल्प्स' असे बारके शब्द कसे वचन देतात आणि काढून घेतात, हे एका तासात होतं.

मोठ्या शब्दांबद्दल एक. तत्सम-तद्भवाची जोडी लेखनात वापरायला शिकवा. नगरपालिकेला अर्ज असेल तर 'रिक्वेस्ट', 'असिस्टन्स', 'इमिजिएट' शोभतात, जसं आपण मराठी अर्जात 'विनंती', 'साहाय्य', 'त्वरित' लिहितो. मित्रांसमोर भाषण असेल तर 'आस्क', 'हेल्प', 'नाऊ'. मित्राला कुणी 'साहाय्य कर' म्हणत नाही. लॅटिन शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी, ही समजूत एकदा मोडली की मुलांची वाक्यं लहान होतात आणि चुका निम्म्याने कमी दिसायला लागतात, कारण त्या लांबलचक वाक्यांतच दडलेल्या होत्या.

वह्या तपासताना सगळं लाल करू नका. या पंधरवड्यात 'होतो' असेल तर तेवढंच तपासा, बाकी सोडून द्या. पालक वही उघडून 'मॅडमना ही चूक दिसली नाही का' असं विचारतात, त्याची तयारी ठेवा आणि पालकसभेत आधीच सांगून टाका. 'वर्गात मराठी का बोलता' हेही तिथेच येईल. मी सांगतो की दहा मिनिटं मराठीत समजून घेतल्यामुळे पुढची पंचवीस मिनिटं मूल इंग्रजीत लिहितं, वही बघा. वहीत लिहिलेलं दिसलं की पालक गप्प बसतात.

शब्दकोशाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. इंग्रजीचा कुठलाही बरा विद्यार्थी-कोश चालेल, मात्र त्यात शब्दाचं मूळ दिलेलं असावं, खिशातल्या छोट्या कोशांत ते नसतं. मराठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, १८५७ ला सुधारून वाढवलेला. तो आता इंटरनेटवर फुकट शोधता येतो आणि त्यात बऱ्याच शब्दांपुढे संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी अशा मुळाच्या खुणा आहेत. शाळेत एकच संगणक असला तरी भागतं. आठवड्याला एका गटाने पाच शब्द काढायचे, दोन मराठी, तीन इंग्रजी, आणि शनिवारी सकाळच्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. पुढच्या आठवड्यातल्या वाक्यांत ते शब्द तुम्ही वापरायचे.